सैल पट्टा

ताईला पहिली किळस आली ती जमिनीवरच्या तेलाच्या डागांची.

डाग खोटे होते. कुणीतरी गुडघे टेकून, तपकिरी रंगात व्हार्निश कालवून ते ब्रशने काढले होते, आणि काढणाऱ्याला स्वतःचं कौतुक वाटलं असावं, कारण एकूण एक डाग गोल होता. खऱ्या गॅरेजात तेल असं शहाण्यासारखं सांडत नाही. ते गाडीखालून ओघळतं, उतार शोधतं, कुणाच्या तरी चपलेला लागून थेट स्वयंपाकघरात जातं आणि मग आईची बोलणी खायला लावतं. ताई गॅरेजवाल्याची मुलगी. तेल, रबर आणि वेल्डिंगच्या वासात वाढलेली. इथे त्यातला कसलाच वास नव्हता. होता तो कुणीतरी फवारलेल्या लिंबाच्या सुगंधाचा, संडासात फवारतात तसला.

भिंतीवर नट आवळायचे पाने टांगले होते. लहानापासून मोठ्यापर्यंत, चढत्या क्रमाने, एकाच्याही तोंडाला ओरखडा नाही. बाबांच्या गॅरेजात हवा तो पाना जागेवर कधी सापडला नाही. तो नेहमी भलत्याच गाडीखाली असायचा.

“ओळखलंत?” दिग्दर्शिकेने विचारलं. चित्रपट ती काढत होती. अंगावर सायीच्या रंगाचे कपडे आणि तोंडात एकच शब्द, अप्रतिम. “तुमच्या बाबांचं गॅरेज. फोटोवरून हुबेहूब उभं केलंय आम्ही. कसं वाटतंय, ताई?”

तीही ताईच म्हणत होती. सकाळपासून सगळेच म्हणत होते. दिवे लावणारा, केस विंचरणारी, चहा आणणारा. कालपर्यंत ज्यांना ती ठाऊकही नव्हती, त्यांची ती आज सख्खी बहीण झाली होती.

“स्वच्छ आहे,” ताई म्हणाली.

“अप्रतिम,” दिग्दर्शिका म्हणाली.

चित्रपट होता ‘पंक्चर’ या बँडवर. पंक्चर म्हणजे ही दोघं. ताई ड्रमवर, आणि तिचा मावसभाऊ बारक्या गिटारवर आणि गाण्याला. तिसरं कुणी नाही. गॅरेजच्या दारावर एकच पाटी होती, तिच्यावर एकच शब्द होता, आणि नाव शोधायचा दोघांनाही कंटाळा होता, म्हणून पंक्चर. लहानपणी काडीसारखा होता म्हणून त्याला बारक्या म्हणायचे. आता तो बसला की खुर्ची कण्हते, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. एके काळी या दोघांनी एका खटारा गाडीतून देश पालथा घातला होता. दारूच्या गुत्त्यांत वाजवलं, कॉलेजांच्या पटांगणांत वाजवलं, एकदा तर पाणी काढून टाकलेल्या पोहण्याच्या तलावात उतरून वाजवलं. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, मग विसरले, मग त्यांना पुन्हा आठवण झाली. गॅरेज रॉक म्हणायचं की ब्लूज म्हणायचं, यावर लिहिणाऱ्यांनी कागद काळे केले. ताई आता स्पेअर पार्ट्सच्या दुकानात काउंटरला असते, आणि बोलावणं आलं की ड्रमच्या काठ्या घेऊन निघते. बारक्या मात्र पूर्ण वेळ मोठा माणूस झाला आहे.

आणि मोठ्या माणसावर कुणाचे तरी प्रभाव असावे लागतात. नुसतं आवडलं म्हणून वाजवलं, असं त्याने म्हणून चालत नाही. दिग्दर्शिकेला तेच हवं होतं, या जोडीचा प्रवास आणि प्रभाव.

दिवे लागले. बारक्या पालथ्या डब्यावर बसला. डबाही नवाच होता, फक्त त्याला ठोकून पोचे पाडले होते.

“मी नऊ-दहा वर्षांचा असेन,” तो कॅमेऱ्याला म्हणाला. आवाज त्याने मुद्दाम खाली आणला होता. “एका संध्याकाळी ते गाणं माझ्या कानावर पडलं. कुणीतरी म्हातारा रडत होता. मला कळलं, हे माझंच दुःख आहे. ब्लूज शिकता येत नाही. ते भोगावं लागतं.”

ताई कॅमेऱ्यामागे स्टुलावर बसली होती. याने काय भोगलं होतं? मावशीने याला तळहातावरच्या फोडासारखा जपला. पोट दुखतंय म्हणून शाळेला दांडी मारायची आणि गॅरेजात येऊन टायरांवर लोळायचं, एवढंच याचं दुःख. आणि पोटही दुखत नसायचं.

खरी गोष्ट तिला ठाऊक होती, आणि त्या गोष्टीत दुःख औषधालाही नव्हतं. गिऱ्हाइकाने कधी परत नेलीच नाही अशा एका गाडीत एक कॅसेट सापडली. वर गाणाऱ्याचं नाव नाही, काही नाही. गॅरेजात कॉम्प्रेसरच्या वरच्या फळीवर बाबांचा टेपरेकॉर्डर असायचा. खालच्या गरमीने आणि तेलाच्या वाफेने त्याच्या आतला रबरी पट्टा ताणून सैल झाला होता, त्यामुळे टेप हळू फिरायची. पोरांना हे कुठून कळणार? त्यांच्या कानावर येत होता एक माणूस, एकटा, एका गिटारवर, पायाने फळीवर ठेका धरून गाणारा. आवाज विहिरीच्या तळातून आलेला. शब्द कसेबसे पाय ओढत यायचे. आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी एक लांबलचक हुंदका. दोघं त्या फळीखाली बसून राहायची, आणि बाबांनी जेवायला हाक मारली तरी हलायची नाहीत.

त्या खोल आवाजाला गाठायचं म्हणून बारक्याने गिटारच्या तारा इतक्या सैल सोडल्या की त्या फडफडायला लागल्या. तीच ती पंक्चरची फडफड. गिटार इतकी खाली उतरली की बेस वाजवायला तिसरा माणूस घ्यायची गरजच उरली नाही, म्हणून ही जोडी. गाण्याच्या शेवटचा हुंदका बारक्याने हुबेहूब उचलला, आणि पुढे लोक त्या हुंदक्यावर टाळ्या वाजवायला लागले. ताईने उचलला तो पाय. पट्टा फिरता फिरता घसरायचा, त्यामुळे त्या माणसाच्या ठेक्यातला एक ठोका दर वेळी जरासा उशिरा पडायचा, लंगडत आल्यासारखा. ताईला वाटलं, थोर माणसं अशीच वाजवत असणार. शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून चुकतंय असं सांगायलाही कुणी नव्हतं. पुढे लोक त्या ठोक्यासाठी यायचे. तो पडेपर्यंत अख्खी खोली श्वास धरून उभी राहायची, आणि पडला की हलायची. जगात स्वतःचं म्हणावं असं ताईकडे तेवढंच होतं.

मग एकदा, नाव व्हायला लागलं होतं तेव्हा, एका रेडिओ केंद्रातल्या निवेदकाने बारक्याने गुणगुणलेल्या ओळीवरून ते गाणं ओळखलं आणि हौसेने कपाटातून एक जुनी तबकडी काढली. “तुमच्या गुरूंचं गाणं,” म्हणाला आणि लावली. तबकडीतून निघाला एक टणटणीत, खुशीत आलेला तरुण. गाणं नाचाचं. पाय टपटप टपटप, एकही ठोका इकडचा तिकडे नाही. आणि शेवटी तो हुंदका. हुंदका कसला, तो माणूस हसत होता. शेजारी कुणीतरी चावट विनोद करावा तसा खदखदून हसत होता.

दोघं पांढरीफटक पडली. कशीबशी बाहेर येऊन गाडीत बसली, एकमेकांकडे पाहिलं आणि पोट धरधरून हसली. बारक्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, चावी लावता येईना. “ताई,” तो म्हणाला, “आपण इतकी वर्षं एका रबराची नक्कल करतोय.” त्या बारक्यावर तिचा जीव होता.

घरी आल्यावर तिने बाबांना सांगितलं. बाबा साबण लावून कोपरापर्यंत हात घासत होते.

“पट्टा सैल होता. मला ठाऊक होतं,” ते म्हणाले.

“मग बदलला का नाहीत?”

“तुम्ही दोघं त्याच्यापुढे गप्प बसायचात. तुम्हाला गप्प बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, राहू दे.”

गिऱ्हाइकाच्या गाडीचा पट्टा जरा सैल दिसला तर जेवण टाकून उठणारा माणूस. त्याने एक पट्टा जाणूनबुजून सैल ठेवला होता. पंक्चरवरचे प्रभाव विचाराल तर ताईच्या मते तो हा, आणि एवढाच. बाबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

ही गोष्ट दोघांनी बाबांखेरीज कुणाला सांगितली नाही. ताईला वाटायचं, आपलं गुपित आहे. बारक्याला काय वाटायचं ते हळूहळू कळत गेलं. आधी तो म्हणायला लागला की आम्ही विचार करून वेग उतरवला. मग म्हणाला, वेग उतरवला की माणसाचा आत्मा दिसतो. टाळी पडली तसा आत्मा वाढत गेला. ताई मूग गिळून गप्प राहिली. तोंड त्याचं, मुलाखत त्याची. ड्रम तरी आपले आहेत, असं तिने मनाला बजावलं.

जेवणानंतर त्यांचं पहिलं गाणं चित्रित करायचं होतं. ध्वनीवाल्याने तिच्या हातात हेडफोन दिला. कानाला लावला तर आत टिक, टिक, टिक.

“हे काय?”

“क्लिक आहे, ताई. याच्याबरोबर वाजवायचं. तीन-चारदा वाजवून घेणार ना, सगळं एकमेकांशी जुळायला हवं.”

“माझा ठोका याच्यात बसत नाही.”

“ते आलंय लक्षात.” तो अवघडला. “पण काळजी करू नका. एखादा उशिरा पडलाच तर मी संगणकावर सरळ करतो. तुमची पहिली रेकॉर्ड नव्याने निघतेय ना, ती पण केलीय तशी.”

“ऐकव.”

त्याने ऐकवलं. त्याच काठ्या होत्या, गॅरेजच्या पत्र्याच्या छताची तीच झणझण होती, मागे कुठेतरी बाबांचा खोकलाही तसाच होता. फक्त तो एक ठोका वेळेवर येत होता. प्रत्येक वेळी, बिनचूक, शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या पोरासारखा. माणसाच्या चेहऱ्यावर इस्त्री फिरवून तो परत द्यावा तसं ते होतं. ताईच्या तोंडात आंबट पाणी आलं. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि हात साडीला पुसले, जणू त्यांना काही लागलं होतं.

“हे करायला कुणी सांगितलं?”

ध्वनीवाल्याने बारक्याच्या खोलीकडे पाहिलं नाही. पण पाहायचं नाही यासाठी त्याने इतका जोर लावला की ताईला कळायचं ते कळलं.

बारक्या आरशापुढे बसला होता. एक मुलगी त्याच्या टकलाची चकाकी पावडरने मारत होती. ताईला पाहून ती बाहेर गेली.

“माझे ठोके सरळ करायला तू सांगितलंस?”

“ताई, जरा समजून घे. आजकालची पोरं तिथे अडखळतात. त्यांना वाटतं, चुकलंय.”

“चुकलंयच ते. पहिल्यापासून चुकलंय. त्याच चुकीवर जेवलास ना आजवर?”

बारक्याने आरशातच तिच्याकडे पाहिलं. “माझा आवाज आता टिकत नाही गं. तू ठोका लांबवतेस आणि मी तिथे उघडा पडतो.”

हे तो खरं बोलला होता, आणि क्षणभर तिला त्याची कीव आली. ती म्हणणार होती की मग गाणं तुझ्या सोयीच्या पट्टीत घेऊ, दोघं मिळून काहीतरी काढू. पण बारक्याला गप्प बसवत नाही.

“आणि स्पष्टच सांगतो, लोक गाण्यासाठी येतात. ठोका काय, ठोकाच असतो. ते तर म्हणत होते, दुसऱ्या कुणाकडून वाजवून घेऊ आणि पडद्यावर हात तेवढे तुझे दाखवू. मी भांडलो तुझ्यासाठी.”

“उपकार झाले,” ताई म्हणाली. “मी वाजवीन तर माझं वाजवीन. ती टिकटिक कानात घालणार नाही. त्यांना तू सांग.”

“आधी माझा एक प्रसंग उरलाय तो होऊ दे. मग बघू.”

मग बघू. बारक्याचं मग बघू म्हणजे काय, हे ती त्याच्या चड्डीच्या वयापासून ओळखून होती. तरी ती जाऊन स्टुलावर बसली. त्याने एकदा तरी आपल्या बाजूने तोंड उघडावं, एवढी आशा तिला होती, आणि त्या आशेचीही तिला लाज वाटत होती.

बारक्याचा उरलेला प्रसंग म्हणजे ती कॅसेट. त्याने ती खिशातून काढली तेव्हा ताई चमकली. ती कधीच हरवली असं तो सांगत आला होता. सामान जमवणाऱ्या माणसाने फळीवर टेपरेकॉर्डर मांडला होता, बाबांच्या होता अगदी तसाच. तो ताईशेजारी येऊन कौतुकाने कुजबुजला, “फार शोधला हो. बंद पडलेला होता. आत नवा पट्टा टाकून घेतला, आता एकदम बरोबर चालतो.”

ताईने ते नीट ऐकलं. बारक्या दहा पावलांवर होता, त्याला हे ऐकू गेलं नव्हतं, आणि कॅमेरा अजून सुरू झाला नव्हता. एक हाक पुरली असती. तिने हाक मारली नाही.

“हाच तो आवाज,” बारक्या कॅमेऱ्याला म्हणाला. “आयुष्यभर रडलेल्या माणसाचा आवाज.” त्याने कॅसेट आत सरकवली, बटण दाबलं, डोळे मिटले आणि चेहऱ्यावर दुःख पसरू दिलं.

टेपमधून तो खुशीतला तरुण उड्या मारत बाहेर आला. टपटप टपटप. दिवेवाल्याचा पाय आपोआप हलायला लागला. बारक्याने डोळे उघडले नाहीत. मिटून ठेवले तर ते थांबेल असं त्याला वाटलं असावं. थांबलं नाही. गाणं संपलं, आणि शेवटी तो माणूस त्या खोट्या गॅरेजात खदखदून हसला.

“कॅसेट चुकीची लागली का?” दिग्दर्शिकेने विचारलं.

“ताई,” बारक्या म्हणाला. शाळेतून पळून आलेला, मावशी शोधत आली की टायरांमागून म्हणायचा तसं.

ताई उठली. “कॅसेट बरोबर आहे,” ती म्हणाली. “पट्टा नवा आहे.”

भिंतीवरच्या त्या शोभेच्या हत्यारांत एक स्क्रू-ड्रायव्हर होता, तो तिने घेतला. टेपरेकॉर्डरची मागची बाजू उघडली, नवा पट्टा काढून बाजूला ठेवला. मग केसांचं काळं रबर सोडून ते एक पीळ देऊन चाकांवर चढवलं, बोटाने जरा ओढून आणखी सैल केलं, आणि बटण दाबलं.

विहिरीच्या तळातून आवाज आला. खोलीतल्या माणसांचे चेहरे बदलले. तो पाय, तो लंगडा पाय, उचलला गेला, आणि सगळे श्वास धरून थांबले, आणि तो उशिरा पडला.

“माझ्या बाबांनी पट्टा सैल ठेवला होता,” ताई म्हणाली. “आम्ही गप्प बसून ऐकायचो म्हणून त्यांनी तो बदलला नाही. आम्हाला वाटलं, गाणं असंच असतं. तो माणूस रडत नाहीये, हसतोय. आमच्यावर प्रभाव म्हणाल तर तो एवढाच.”

तिला हलकं वाटलं. वाटलं, आता तरी कुणी ती टिकटिक पुढे करणार नाही.

“अप्रतिम,” दिग्दर्शिका म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते भरलेले असतानाच ती कॅमेरा कुठे लावायचा ते हाताने दाखवत होती. “हे पुन्हा करू या. केस सोडताना जवळून घेऊ. आणि ताई, बाबांचं नाव निघतं ना, तिथे जरा थांबा.” तिने स्वतःच्या डोळ्याखालून बोट ओढून दाखवलं. “आलं तर आलं. नाही तर आमच्याकडे थेंब आहेत. मग लगेच गाणं घेऊन टाकू, क्लिक तयार आहे.”

ताईने बारक्याकडे पाहिलं. आता बोलेल, असं तिला वाटलं. आणि तो बोललाच.

“ही गोष्ट मी मुद्दाम राखून ठेवली होती,” तो म्हणाला. तो पुन्हा डब्यावर नीट बसला होता, आणि आवाज पुन्हा खाली गेला होता. कॅमेरा त्याच्याकडे वळला. “तो पट्टा, खरं म्हणजे, काका बदलायला निघाले होते. हातात नवा पट्टा होता त्यांच्या. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, काका, राहू द्या. मला यातच ऐकू येतं सगळं.” आणि तो थांबला, आणि त्याने तो हुंदका दिला. सराईत, लांबलचक, टाळीचा.

आयत्या बिळावर नागोबा असतात हे ताईने आयुष्यभर ऐकलं होतं. नागोबाला बिळात शिरताना, इतक्या जवळून, अंगाचं वेटोळं नीट जुळवून बसताना तिने प्रथमच पाहिलं. राग आला नाही. राग यायला समोर कुणी तरी असावं लागतं. तिला शिसारी आली, पायाला काही ओलं लागावं आणि ते काय आहे ते पाहूही नये असं वाटावं, तशी.

टेप चालूच होती. तिने आत हात घालून चाकांवरून रबर काढलं. तो आवाज घरघरत खाली खाली गेला आणि बंद पडला. तिने रबर साडीच्या पदराला पुसलं, केस बांधले, आणि काठ्या पिशवीत टाकल्या.

“ताई, गाणं राहिलंय,” बारक्या म्हणाला.

“टिकटिक आहे ना,” ताई म्हणाली. “तिच्याबरोबर म्हण. ती तुला कधी उघडा पाडणार नाही.”

“अगं, लोक काय म्हणतील? आपण दोघं आहोत म्हणून पंक्चर आहे.”

ती पिशवी उचलून निघाली. दाराजवळ सगळ्यात मोठा डाग रंगवलेला होता, तो ओलांडायचं राहिलं आणि तिचा पाय त्यावर पडला. लहानपणच्या सवयीने तिने चप्पल उलटी करून पाहिली. काही लागलं नव्हतं.

मागे त्यांनी नवा पट्टा परत बसवला असावा. ती जिना उतरत होती तेव्हा वरून त्या माणसाचं हसणं ऐकू आलं, स्वच्छ, खदखदून, योग्य वेगात. त्या हसण्यावर पूर्वी ती दोघं गाडीत लोळून हसली होती. ताई कठड्याला धरून शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली. तिला हसू आलं नाही.